शारजा ते जबल जैस : उन्हातली एक सफर

कोकणातल्या आमच्यासारख्या घरांत मे महिना म्हणजे वाट पाहण्याचा महिना. कुणाचा भाऊ दुबईहून यायचा असतो, कुणाचा मुलगा मस्कतहून, कुणाचे दीर कुवेतहून. अंगणात मांडव पडतात, लग्ने उरकतात, आंब्याच्या पेट्या भरतात आणि जून उजाडला की माणसे परत जातात. आम्ही आजवर या वाट पाहणाऱ्यांतलेच. आखात आम्हाला ठाऊक होते ते सुटकेसमधून निघणाऱ्या खजुरांपुरते, अत्तरापुरते आणि टँगच्या डब्यापुरते.

गेल्या उन्हाळ्यात मात्र उलटे घडले. मुलांच्या मामूला सुटी मिळेना. वीस वर्षांहून अधिक काळ तो शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका गॅरेजमध्ये आहे. हेल्पर म्हणून गेला, आज फोरमन आहे. "या वर्षी मी येत नाही, तुम्हीच या," असे म्हणून त्याने आम्हा चौघांची तिकिटे पाठवून दिली. मुलाची दहावीची परीक्षा झालेली, मुलगी पाचवीतून सहावीत जाणार, आम्हा दोघांच्या शाळांना सुटी. आपल्या धाकट्या भावाचे घर पाहायचे म्हणून मुलांच्या अम्मीचा आनंद तर गगनात मावेना.

मुंबईहून तीन तासांचा प्रवास. घड्याळे दीड तास मागे केली. रात्री अकरा वाजता शारजाच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकले आणि पहिल्याच क्षणी चष्म्यावर वाफ धरली. काही दिसेना. आम्हाला वाटले, कुठे भट्टी पेटली आहे. मामू हसला. "दुल्हाभाई, ही रात्र आहे. दुपार उद्या बघा."

मामूचे गॅरेज

दोन दिवस घरात, बाजारात आणि समुद्रावर गेले. तिसऱ्या दिवशी मुलाने हट्ट धरला की मामूचे गॅरेज पाहायचेच. या मुलाला गाड्यांचे वेड आहे. रस्त्याने जाणारी गाडी तो नुसत्या आवाजावरून ओळखतो. तिथल्या रस्त्यांवर तर त्याला गुप्त खजिनाच सापडला होता. दुबईच्या पोलिसांच्या ताफ्यात लॅम्बोर्गिनी आणि बुगाटीसारख्या गाड्या आहेत हे त्याने आम्हाला विमानातच सांगून टाकले होते.

औद्योगिक भाग म्हणजे रुंद रस्ते, दोन्ही बाजूंनी शटरची दुकाने, जुन्या सुट्या भागांचे ढीग, टायरांची चळत आणि सगळ्यावर बारीक वाळूचा थर. गॅरेजचे दोन भाग होते. पुढे काचेची, एसी लावलेली खोली. तिथे संगणक, स्कॅनर आणि गिऱ्हाइकांसाठी सोफा. मागे पत्र्याचे उंच छप्पर, त्याखाली गाड्या वर उचलणारे लिफ्ट आणि काम करणारी माणसे. तिथे दोन मोठे पंखे होते. पण पंख्याची हवा अंगावर आली की बरे वाटण्याऐवजी पोळल्यासारखे होई. कामगार केरळचे, पेशावरचे, बांगलादेशचे. सगळ्यांची बोली एकच, तोडकीमोडकी उर्दू. आमच्यासारख्या उर्दूच्या शिक्षकाने कानांवर हात ठेवावेत अशी. पण काम तिच्यावर बिनबोभाट चालते.

त्या दिवशी एक तरुण अरब गिऱ्हाईक आपली स्पोर्ट्स कार घेऊन आला होता. गाडी जमिनीला चिकटून बसल्यासारखी ठेंगणी. तिच्या कंपनीचे नाव इथे सांगण्याचे कारण नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच. तक्रार अशी की, गाडी सकाळी सुसाट पळते आणि दुपारी तिला पिकअप राहत नाही. पेट्रोल तर तो ९८ ऑक्टेनचेच भरतो. मग इंजिन खराब झाले की काय?

मामूने गाडीला स्कॅनर जोडला आणि आमच्या मुलाला जवळ बोलावले. "हा आकडा बघ. इंजिन जी हवा ओढून घेतंय तिचं तापमान." बाहेर ४३ अंश होते. स्कॅनरवर ६८ दिसत होते. गाडी बराच वेळ उभी होती, बॉनेटखाली उष्णता कोंडली होती आणि इंजिन तीच कोंडलेली हवा पीत होते.

विज्ञान हा आमचा विषय नाही. आम्ही शाळेत व्याकरण आणि कविता शिकवतो. पण त्या दिवशी मामूने जे समजावून सांगितले ते आमच्या डोक्यात जसेच्या तसे बसले, म्हणून इथे सांगतो.

इंजिनाला पेट्रोल लागते तशी हवाही लागते, खरे तर हवेतला प्राणवायू. हवा तापली की फुगते, विरळ होते. इंजिनाच्या सिलिंडरची जागा तेवढीच. त्यात गरम हवा भरली तर प्राणवायू कमी मावतो. प्राणवायू कमी म्हणून पेट्रोलही कमीच जाळता येते, आणि म्हणून जोरही कमी. मुलाने तिथेच मोबाईलवर हिशेब केला. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा शेकडा सहाने विरळ असते. पाचशे अश्वशक्तीच्या इंजिनाला एवढ्यानेच पंधरा ते तीस अश्वशक्तीचा फटका बसू शकतो. वर किनाऱ्याची दमट हवा. आमच्या चष्म्यावर धरलेली ती वाफ हवेत प्राणवायूची जागा अडवून बसते. उन्हाळ्याच्या दमट दिवसांत अशा हवेतले शंभरातले तीन-चार भाग नुसती वाफच असते.

"आणि हे तर काहीच नाही," मामू म्हणाला. "या गाडीला टर्बो आहे."

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो हवा दाबून इंजिनात कोंबतो. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप खालून गरम लागतो ना, तसेच इथेही होते. दाबलेली हवा तापते, शंभर अंशांच्याही वर जाते. ती निववण्यासाठी वाटेत इंटरकूलर नावाची जाळी असते, तिच्यावर बाहेरचा वारा खेळतो. आता बाहेरचा वाराच ४३ अंशांचा असेल तर आतली हवा त्याहून गार कशी होणार?

अशी तापलेली हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले गेले की त्याचा काही भाग ठिणगीची ज्वाला पोहोचण्याआधीच आपल्या मर्जीने पेट घेतो. पिस्टनवर हातोडा पडल्यासारखा ठोका बसतो. याला गॅरेजची माणसे नॉकिंग म्हणतात. ९८ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे असे अवेळी पेटायला अधिक नकार देणारे पेट्रोल. पण त्यालाही मर्यादा आहे. जुन्या काळी अशा ठोक्यांनी पिस्टनला भोक पडायचे. आताच्या गाड्यांत सेन्सर हा ठोका ऐकतो आणि गाडीतला संगणक ठिणगी जरा उशिराने टाकतो, टर्बोचा दाब उतरवतो. गाडीचा जोर कमी होतो, पण इंजिन वाचते.

"म्हणजे गाडी बिघडलेली नाही?" मुलाने विचारले.

"बिघडलेली नाही, शहाणी आहे. मालक पाय दाबतो, आणि गाडी म्हणते, आत्ता नाही."

तरीही मामूने गाडी लिफ्टवर घेतली. पुढचा बंपर उतरवला तेव्हा इंटरकूलरच्या आणि रेडिएटरच्या जाळ्यांत वाळू आणि मेलेले किडे गच्च बसलेले, एका कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा अडकलेला. हलक्या दाबाच्या पाण्याने त्याने जाळ्या धुतल्या. त्याला दीड तास लागला. हे काम मागच्या पत्र्याखाली, भर दुपारी. आम्ही काचेच्या खोलीत बसून ताक पीत होतो आणि काचेपलीकडे मामूचा शर्ट पाठीला चिकटलेला दिसत होता. त्या वेळी आम्हाला त्याचे कौतुकच वाटले. दुसरे काही सुचले नाही, हे कबूल करायला हवे.

जबल जैसची वाट

सुटीच्या दिवशी मामू आम्हाला डोंगर दाखवायला घेऊन निघाला. जबल जैस हा रास अल खैमा अमिरातीतला डोंगर, संयुक्त अरब अमिरातीत सर्वांत उंच. फजरची नमाज आटोपून लगेच निघालो. मामूची स्वतःची गाडी जुनी जपानी सेदान. तिचा एसी मात्र नव्या गाडीला लाजवेल असा.

शारजा मागे पडली की दोन्ही बाजूंना वाळू. कुठे घाफची झाडे, कुठे रस्त्यालगतच्या कुंपणापलीकडे उंट. वाटेत एका वस्तीजवळ मुलीला तहान लागली. एका घराच्या भिंतीबाहेर पाण्याचा कूलर बसवलेला होता, शेजारी साखळीला बांधलेला पेला. कुणीही थांबावे, गार पाणी प्यावे आणि पुढे जावे. अशा सबिली तिथे जागोजागी दिसतात, मशिदींबाहेर तर हमखास. कुणी आईवडिलांच्या सवाबसाठी बसवतो, कुणी नुसतेच पुण्य म्हणून. आम्ही पाणी प्यालो. एक टॅक्सीवाला आणि एक झाडूवाला आमच्या मागे रांगेत उभे होते.

रास अल खैमा सोडले की हजर पर्वताच्या उघड्या-बोडक्या कडा अंगावर येतात. कोकणातल्या माणसाला डोंगर म्हटला की हिरवा आठवतो. इथे झाडाचे नाव नाही. राखाडी, तपकिरी, कुठे लालसर, नुसता दगड. आणि त्या दगडातून काळी, गुळगुळीत सडक वळणे घेत वर चढते. आम्हाला कुंभार्ली घाट आठवला. लहानपणी अब्बांबरोबर कराडला जाताना मे महिन्यात घाटात हमखास दोन-तीन ट्रक बॉनेट उघडून उभे असायचे. रेडिएटरमधून वाफ फुसफुसत असायची. क्लीनर डबा घेऊन झऱ्याकडे धावायचा. अब्बा सांगायचे, गरम गाडीच्या रेडिएटरचे झाकण कधी उघडू नये, उकळते पाणी तोंडावर येते. घाटाच्या पायथ्याशी ड्रायव्हर गाडीला विश्रांती द्यायचे आणि चहा पिऊन घ्यायचे. गाडी थांबायची म्हणून माणसालाही थांबायला मिळायचे.

इथे मात्र कुणी थांबत नव्हते. पहाटेच्या गारव्यात स्पोर्ट्स कारवाले हौशी लोक मुद्दाम हा घाट चढायला येतात. एकामागून एक चार-पाच गाड्या गुरगुरत आम्हाला मागे टाकून गेल्या. मुलगा काचेला नाक लावून बसला होता.

पायथ्याशी मामूच्या गाडीतले तापमान ३२ दाखवत होते. दीड हजार मीटरच्या आसपास एका थांब्यावर उतरलो तेव्हा ते २३ झाले होते. अंगावर गार वारा आला आणि आठवड्यात पहिल्यांदा कोकणातल्या पहाटेची आठवण झाली. याच डोंगरावरून एक लांबच लांब झिपलाइन सुटते. २०१८ साली जगातली सर्वांत लांब म्हणून तिची गिनेस बुकात नोंद झाली, लांबी २.८३ किलोमीटर. त्या तारेला लोंबकळत दरी ओलांडणारी माणसे पाहूनच मुलांच्या अम्मीने डोळे मिटून घेतले.

"इथे तर गाड्या एकदम खूश असतील," मुलगा म्हणाला. "हवा गार आहे."

मामू म्हणाला, "गार आहे, पण पातळ आहे." त्याने मुलीची रिकामी झालेली पाण्याची बाटली घेतली, झाकण घट्ट लावले आणि डिकीत टाकली. "खाली गेल्यावर बघू."

वर हवेचा दाब कमी. समुद्रकाठी जेवढा असतो त्याच्या शेकडा पंधराने तरी कमी. त्यामुळे गारवा असूनही हवा खालच्या तापलेल्या हवेपेक्षाही विरळच. टर्बो नसलेल्या गाडीला इथे दम लागतो. टर्बोवाल्या गाडीचा पंखा जास्त जोराने फिरून ती तूट भरून काढतो, पण तसे करताना स्वतः अधिक तापतो. म्हणजे खाली उष्णता जोर खाते आणि वर उंची. मामू म्हणाला, या चढावर गाडीची खरी परीक्षा रेडिएटरची असते. जळलेल्या पेट्रोलमधली जेमतेम एक तृतीयांश ताकद चाकांपर्यंत जाते. बाकीची सगळी उष्णता. काही धुरावाटे जाते, बरीचशी पाण्यावाटे. रेडिएटर ती बाहेर टाकतो. इंजिनातले पाणी ९५ अंशांवर असते. बाहेर २५ अंश असतील तर दोहोंत फरक ७० अंशांचा. बाहेर ४५ असतील तर ५० चा. हा फरक जितका मोठा तितकी उष्णता झटपट बाहेर जाते. ७० चे ५० झाले की रेडिएटरचे काम चौथाईहून जास्त घटते. त्यातच एसी चालू असला तर त्याची तापलेली जाळी रेडिएटरच्या तोंडासमोरच असते.

मुलगी बराच वेळ ऐकत होती. तिने विचारले, "मामू, माणसाचं रेडिएटर कुठे असतं?"

सगळे हसले. मामूने तिच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाला, "माणसाला घाम असतो, बेटा." आणि विषय तिथेच संपला.

दुपारी खाली उतरलो. पायथ्याशी ४१ अंश होते. मुलीने डिकी उघडली तर बाटली चिमटून चपटी झालेली. वर तिच्यात कोंडलेली पातळ हवा खालच्या दाबापुढे टिकली नव्हती. वाटेतल्या एका मशिदीत जोहरची नमाज पढलो. आत एसीचा गारवा, गालिच्यावर काही कामगार पाय पसरून विसावलेले. कुणी त्यांना उठवत नव्हते.

गॅरेजमधून आलेला फोन

त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी दोन वाजता मामूच्या मोबाईलवरून फोन आला. आवाज मात्र दुसऱ्याचा, केरळच्या त्या हेल्परचा. "भाई गिर गया. क्लिनिक में है. आप आओ."

आम्ही पोहोचलो तेव्हा मामू खाटेवर होता, हाताला सलाईन. चेहरा राखेसारखा. तीन तास तो पत्र्याखाली एका गाडीचे इंजिन उतरवत होता. पायांत गोळे आले, मळमळले, डोळ्यांपुढे अंधारी आली. तरी तो थांबला नाही. मग उभ्या उभ्या कोसळला. नशिबाने डोके पान्यांच्या ट्रॉलीवर आपटले नाही. हेल्परांनी त्याला उचलून काचेच्या खोलीत नेले, शर्ट काढून ओल्या फडक्यांनी अंग पुसले. डॉक्टरांनी सांगितले, ताप चढला होता आणि रक्तदाब उतरला होता. पण वेळेवर आणले. हा उष्माघाताच्या अलीकडचा थांबा. आणखी अर्धा तास असाच गेला असता तर शरीराचे तापमान ४० च्या वर जाते, माणूस असंबद्ध बोलू लागतो, आणि मग काहीही होऊ शकते.

मुलांची अम्मी भावाच्या उशाशी बसली. ती रडली नाही, रागावली. "चक्कर येत होती तर बसायचं नाही का?"

"आपा, मी फोरमन आहे. मीच बसलो तर पोरं काय म्हणतील?"

"यापूर्वी कधी झालं होतं असं?"

मामू गप्प. मग हळूच म्हणाला, "गेल्या वर्षी दोनदा." घरी त्याने कुणाला सांगितले नव्हते. आम्हाला मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला त्याचे पैसे पोहोचले होते. अम्मांच्या डोळ्यांचे ऑपरेशन त्यातून झाले, घरावर नवे कौल चढले ते त्यातूनच. त्या पैशांना कधी उन्हाचा वास आला नाही, की आम्ही तो घेतला नाही, कोण जाणे.

त्या रात्री मुलाने वहीत एक हिशेब मांडला आणि आम्हाला दाखवला. इंजिनाचे पाणी ९५ अंशांवर, बाहेर ४५. हातात ५० अंशांचा फरक. माणसाचे शरीर ३७ अंशांवर, बाहेर ४५. फरक उणे ८. म्हणजे कडक उन्हाळ्यातही गाडी बाहेरच्या हवेला उष्णता देऊ शकते, कारण ती हवेपेक्षा गरम असते. माणूस मात्र हवेपेक्षा गार. हवा त्यालाच उष्णता देते. त्याच्यापाशी एकच उपाय उरतो, घाम. आणि घाम वाळला तरच अंग निवते. शारजासारख्या किनाऱ्यावर हवा आधीच वाफेने भरलेली, घाम वाळत नाही, नुसता गळत राहतो. शरीरातले पाणी आणि मीठ मात्र निघून जाते.

मुलीने डोंगरावर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हे होते. आम्ही शिक्षक असून त्या वेळी हसलो होतो.

मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली. ८ ऑक्टोबर २०२३ रोजी कतारमधल्या लुसैल इथे फॉर्म्युला वनची शर्यत झाली. रात्रीची शर्यत, ५७ फेऱ्या, पारा तिशीच्या वर आणि हवा दमट. गाड्या धावत राहिल्या, माणसे खचली. एस्तेबान ओकॉन या चालकाला हेल्मेटमध्येच उलटी झाली. लोगन सार्जंटला तब्येत बिघडल्याने शर्यत अर्धवट सोडावी लागली. ही माणसे म्हणजे कसलेले खेळाडू, त्यांच्या दिमतीला डॉक्टर आणि खास व्यायाम शिकवणारे. त्यानंतर नियम बदलले. २०२५ पासून, कडक उन्हाळ्याचा अंदाज असेल तर गाडीत चालकाला थंड ठेवणारी यंत्रणा बसवावी लागते; अंगातल्या बनियनमधून बारीक नळ्या फिरतात आणि त्यांतून थंड द्रव वाहतो. इंजिनासाठी रेडिएटर पहिल्यापासून होता. माणसाची पाळी इतक्या वर्षांनी आली.

संयुक्त अरब अमिरातीतही कामगारांसाठी नियम आहे, आणि चांगला आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर, उन्हात काम करायला बंदी. इमारतींच्या बांधकामावर त्या वेळी सामसूम असते. पण आमच्या मामूची दुपार होती जूनच्या पहिल्या आठवड्यातली, आणि डोक्यावर पत्र्याचे छप्पर होते. नियम तारीख पाहतो आणि ऊन पाहतो. पत्र्याखालची भट्टी त्याच्या शब्दांत बसतेच असे नाही. तिथे मग ज्याने त्याने आपले भान ठेवायचे, आणि एकमेकांचे.

परतताना

आमचे परतीचे विमान चार दिवसांवर होते. त्या चार दिवसांत मुलांच्या अम्मीने भावाला घराबाहेर पडू दिले नाही. गॅरेजचा मालक, एक वयस्क गृहस्थ, स्वतः घरी आला, मोसंबी घेऊन. मामूने त्याच्याकडे पगारवाढ मागितली नाही. त्याने मागितले ते इतकेच, की इंजिन उतरवण्याची जड कामे दुपारी नकोत, असरनंतर घ्यावीत. मागच्या भागात बाष्पीभवनाचा मोठा कूलर लावावा. आणि दोघा-दोघांची जोडी करावी, म्हणजे एकाचा चेहरा उतरला की दुसऱ्याने त्याला बसवावे. मालकाने मान डोलावली. मामूने आम्हाला नंतर सांगितले, हे मागायला त्याला फार संकोच वाटला. गाडीबद्दल बोलायचे असते तर काहीच वाटले नसते.

निघताना विमानतळावर मुलाने मामूला विचारले, "अकरावीऐवजी मी इथेच आलो तर? काम शिकेन." हे त्याच्या मनात बरेच दिवस होते, आम्हाला ठाऊक होते आणि त्याची धास्तीही होती. मामू म्हणाला, "ये. पण आधी इंजिनिअर हो, आणि अशी वर्कशॉप बांध जिथे गाडी निवेल आणि माणूसही निवेल." मुलाने अकरावी सायन्सला नाव घातले आहे. पुढचे अल्लाह जाणे.

गावी परतलो तेव्हा मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. शाळा सुरू झाली. वर्गात आमच्यासमोर चिरेखाणीवर काम करणाऱ्या घरांतली मुले बसतात. लाल जांभ्या दगडाची ती खाण आमच्या शाळेपासून मैलभर अंतरावर आहे. एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी तिथे माणसे चिरे काढतात. वरून ऊन, खालून तापलेला कातळ, आणि समुद्रावरून येणारी तीच दमट हवा. वर्षानुवर्षे आम्ही त्या रस्त्याने जातो. कधी थांबून विचारले नव्हते की दुपारी तुम्ही बसता का, पाणी कुठून आणता. आता विचारले. पाणी दुपारपर्यंत संपते असे कळले. आमच्या मोहल्ल्यातल्या तरुणांनी ठरवले आहे की पुढच्या मार्चपासून खाणीच्या वाटेवर सबील बसवायची. गार पाणी आणि शेजारी मीठ-साखरेची बरणी. जागा पाहून झाली आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातले कुणी ना कुणी उन्हात राबते आहे, कुणी आखातात, कुणी आपल्याच गावात. फोनवर आपण पैसे पोहोचल्याचे सांगतो, तब्येत विचारतो आणि तो "ठीक आहे" म्हणतो. एक प्रश्न अधिक विचारत चला : दुपारी किती वेळ बसलास? पायांत गोळे येणे, डोके जड होणे, मळमळणे, चक्कर, ही थांबण्याची वेळ आहे. सावलीत जावे, पाणी आणि मीठ-साखर घ्यावी, अंग ओले करून वारा घालावा. आणि माणूस बरळू लागला, अंग तापून शुद्ध हरपू लागली तर तोंडात पाणी ओतत बसू नये. अंग गार करत थेट दवाखाना गाठावा.

परवा रात्री मामूचा फोन आला. ती स्पोर्ट्स कार पुन्हा आली होती म्हणे, तीच तक्रार घेऊन. मामूने जाळ्या पाहिल्या, त्या स्वच्छ होत्या. त्याने मालकाला सांगितले, गाडीत दोष नाही, ऑगस्ट आहे, संध्याकाळी चालवा.

"आणि तू दुपारी काय केलंस?" मुलांच्या अम्मीने विचारले.

"झोपलो होतो, आपा," तो म्हणाला. "काचेच्या खोलीत, सोफ्यावर."